तुला माहीत होतं का गं?

२०२४ चा मे महिना नुकताच लागला होता. बडोद्यात त्या दिवसांत सकाळी नऊलाच गच्चीची फरशी पायाला चटका देते. कुरडया वाळत घालून खाली आले तर फोन वाजत होता. काकू.

"पेपर वाचलास?"

वाचला होता. ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधल्या कोर्टाच्या कागदांत मान्य केलं होतं, की त्यांच्या कोविड लशीमुळे अगदी विरळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घटण्याचा आजार होऊ शकतो. तीच लस आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होऊन कोव्हिशील्ड नावाने दिली गेली. काकूने तिचे दोन डोस घेतले होते, आणि ते घ्यायला तिला तयार करणाऱ्यांत मी होते.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते, त्यामुळे घरात अशा बाबतीत माझा शब्द चालतो. मी तिला नीट समजावलं. हा त्रास व्हायचाच तर बहुतेक पहिल्या डोसनंतरच्या काही आठवड्यांत होतो. तुला आता दोन वर्षं उलटून गेली, काळजीचं कारण नाही. तिने मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"ते कळलं. पण तुला हे आधी माहीत होतं का गं?"

"हो."

"कधीपासून?"

"२०२१ पासून."

"म्हणजे मला सुई देण्याच्या आधीपासून." ती थोडी थांबली. "मग मला का नाही सांगितलंस?"

वर्गात मुलांच्या अवघडातल्या अवघड प्रश्नाला मी काही ना काही उत्तर देते. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने "बरं, ठेवते" म्हणून फोन ठेवला. तिचा आवाज रागावलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

काकूचं घर दांडिया बाजारात. पूर्वीचा वाडा पडला, त्या जागी झालेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. काका तिथेच लहानाचे मोठे झाले आणि तिथूनच एप्रिल २०२१ मध्ये ॲम्ब्युलन्समधून गेले. वय ७१. मार्चमध्ये, साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाल्याबरोबर, ते उत्साहाने जाऊन पहिला डोस घेऊन आले होते. काकूचे गुडघे धरले होते म्हणून ती त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या डोसची तारीख जवळ आली तेवढ्यात नियम बदलला. आधी चार ते सहा आठवडे अंतर होतं, ते २२ मार्चला सहा ते आठ झालं. पुढे १३ मे रोजी बारा ते सोळा. अंतर वाढवल्याने लस जास्त चांगली काम करते याला शास्त्रीय आधार होता, मी तो वाचलेला आहे. पण त्याच दिवसांत केंद्रांबाहेर "आज लस उपलब्ध नाही" असे कागद चिकटवलेले होते. ज्याने दोन्ही पाहिलं त्याने दोन्हीची सांगड घातली. काकूने तर घातलीच. "लस संपली म्हणून तारीख पुढे ढकलली आणि कारण शास्त्राचं दिलं," असं ती आजही म्हणते. मी तिला खोडून काढू शकते. पण त्या महिन्यांत कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं, की साठाही कमी आहे आणि अंतर वाढवणं चांगलंही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे लोकांना कळलं नसतं असं मला वाटत नाही.

काकांचा आरटीपीसीआर पॉझिटिव्ह होता. नऊ दिवस ते एका खाजगी रुग्णालयात होते. हाती आलेल्या कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं, हृदय व श्वसन बंद पडणे. कोविडचा शब्दही नाही. स्मशानात मात्र त्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कोविडचे म्हणूनच नेलं. काकूला जवळ जाऊ दिलं नाही. म्हणजे अग्नी देताना कोविड, आणि कागदावर हृदय. ती हा कागद काकांच्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवायची आणि कुणी लशीचा विषय काढला की तो उघडून पुढे करायची.

"ज्यांनी यांचं मरण खोटं लिहिलं, त्यांची सुई मी का घेऊ?"

आम्ही सगळे तिला समजावत होतो ते लशीबद्दल. लस कशी काम करते, अँटिबॉडी म्हणजे काय, किती कोटी लोकांनी घेतली. त्या ऑक्टोबरात देशात शंभर कोटी डोस पूर्ण झाले, तेव्हा माझ्या भावाने तिला टीव्हीवरची रोषणाई दाखवली. ती म्हणाली, "शंभर कोटी मोजता येतात ना त्यांना? मग हे का नाही मोजले?"

तिच्या शंकेला आम्ही अडाणीपणा समजत होतो. ती हिशेब विचारत होती. आणि हिशेब खरोखरच जुळत नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये राज्यांनी सुप्रीम कोर्टात जे आकडे दिले, त्यांत गुजरातचे अधिकृत कोविड मृत्यू दहा हजारांच्या थोडे वर होते, आणि पन्नास हजार रुपयांच्या मदतीसाठी आलेले अर्ज ८९,६३३. त्यांतले ६८,३७० मंजूर झालेले. मदतीसाठी व्याख्या रुंद होती, पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांतला मृत्यू धरायचा, त्यामुळे दोन आकडे एक असणार नव्हतेच. पण फरक सहापटीहून मोठा. त्या अठ्ठावन्न हजारांच्या तफावतीत कितीतरी चष्म्याच्या डब्या असतील.

काकूचं मन वळलं ते एका आशा बहेनमुळे, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आशा सेविकेमुळे. अर्बन हेल्थ सेंटरची ही बाई, चाळिशीची, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी. पहिल्यांदा आली तेव्हा काकूने कागद पुढे केला. बाकी सगळे त्या कागदावरून नजर फिरवून परत लशीवर यायचे. हिने कागद हातात घेतला, दारातच उभी राहून पूर्ण वाचला आणि म्हणाली, "मासी, आ खोटुं छे." बस, एवढंच. हे खोटं आहे. सरकारी ओळखपत्र गळ्यात घातलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य काकूने पहिल्यांदा ऐकलं. मग ती बाई म्हणाली, "हुं पाछी आवीश," आणि पुढच्या आठवड्यात खरोखर परत आली. लशीचा शब्द न काढता. पिशवीत मदतीचा फॉर्म होता.

४ ऑक्टोबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं, की मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणावरून कुणाची मदत नाकारायची नाही. हे आम्हा शिकलेल्यांना वाचून माहीत होतं. पण आमच्यापैकी कुणी काकूचा फॉर्म भरला नव्हता. आशा बहेनने भरला, आरटीपीसीआरचा रिपोर्ट जोडायला लावला, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगितलं. जानेवारीत मंजुरीचा मेसेज आला. काकूला पैशांचं काही नव्हतं. ते तिने माझ्या भाचीच्या नावाने ठेवले. मेसेज मात्र तिने मला चारदा वाचायला लावला, कारण त्यात काकांच्या नावापुढे कोविड होतं.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "त्या बाईला सांग, मी येते."

मी तिला केंद्रावर घेऊन गेले. आशा बहेन तिच्या शेजारच्या खुर्चीवर पूर्ण अर्धा तास बसून राहिली. लस दिल्यावर तीस मिनिटं थांबायचं असतं ते एवढ्यासाठी, की तीव्र ॲलर्जी आली तर ती बहुतेक त्या वेळातच येते. भारतात लशीमुळे झालेला म्हणून सरकारी समितीने मान्य केलेला पहिला मृत्यू याच प्रकारचा होता, मार्च २०२१ मध्ये लस घेतलेले ६८ वर्षांचे एक गृहस्थ. तेही मला ठाऊक होतं. काकूला मी सांगितलं, "थोडं बसायचं असतं, नियम आहे."

आणि गुठळ्यांचं? आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजीच पत्रक काढलं होतं. लशीनंतरचे त्रास तपासणाऱ्या समितीने ४९८ गंभीर घटना तपासल्या, त्यांत २६ ठिकाणी गुठळ्यांची शक्यता दिसली, दहा लाख डोसांमागे ०.६१ असं प्रमाण. लस घेतल्यावर वीस दिवस धाप, छातीत दुखणं, पाय सुजणं, न थांबणारी डोकेदुखी यांकडे लक्ष ठेवा, असंही त्यात होतं. म्हणजे सरकारने लपवलं नव्हतं, सांगितलं होतं. मात्र ते पत्रकात राहिलं. मोबाइलची कॉलर ट्यून खोकल्याबद्दल, मास्कबद्दल, "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हणून महिनोन्‌महिने बोलत राहिली, त्यात ही चार लक्षणं आल्याचं मला आठवत नाही. केंद्रावरही आम्हाला कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मनाशी ठरवलं होतं, इतक्या मुश्किलीने तयार झालीये, आता हे कानावर घातलं तर बिथरेल.

तीन वर्षांनी तेच सत्य लंडनहून आलं, तेव्हा ते पकडलेल्या चोरासारखं दिसलं.

कुणाला किती कळू द्यायचं हे आपण ठरवायचं, ही सवय फार जुनी आहे. मी दर वर्षी मुलांना उंडेऱ्याची गोष्ट सांगते. बडोद्याच्या पश्चिमेला, रिफायनरीच्या बाजूचं हे गाव, २०२० पासून महानगरपालिकेच्या हद्दीत आलेलं. आज तिथे सोसायट्या आणि शोरूम आहेत. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथे प्लेग होता. आणि तिथे आले होते वाल्डेमार हाफकिन, ज्यांनी वर्षभरापूर्वी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली होती. गाव गायकवाड सरकारच्या मुलखातलं, वस्ती हजाराच्या आसपास. घराघरातली माणसं बोलावून प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्यांना लस द्यायची आणि अर्ध्यांना तसंच ठेवायचं, असं त्यांनी केलं. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या घरांतल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले, तीन मेले.

हे आकडे फळ्यावर लिहिले की वर्ग गप्प होतो. लशीच्या बाजूने इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. अनेक वर्षं मी तिथेच थांबायचे. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, अर्धे सोडायचे हे त्या घरांना माहीत होतं का?" तेव्हापासून मी त्या सव्वीस जणांपाशीही थांबते. एकाच चुलीवर जेवणारी माणसं. कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे अंगणात उभ्या असलेल्या साहेबाने ठरवलं. हाफकिनने जीव वाचवले यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्या गावात उरलेल्यांना ती गोष्ट कशी आठवत असेल, तेही त्या पुराव्याचाच भाग आहे.

आणि काळ कसला होता तेही पाहायला हवं. आदल्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोल्जर घराघरांत घुसून प्लेगचे रोगी शोधत होते. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांना बाहेर उभं करून तपासलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली ती यावरून. प्लेग खरा होता, रोगी वेगळे ठेवायला हवे होते हेही खरं. बडोद्यातल्या आमच्यासारख्या घरांच्या निम्म्या सोयरिकी पुण्याकडच्या, त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकाआधी आजीच्या तोंडून आली. तिच्या सांगण्यात उंदीर नव्हते. बूट होते.

जुनं झालं म्हणावं, तर याच जिल्ह्यात २००९ साली पुन्हा तसंच घडलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस तेव्हा नवी होती. पाथ ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन परिषद आणि दोन राज्य सरकारं मिळून दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना ती देण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि आपल्या वडोदरा जिल्ह्यात. मुली बहुतांश गरीब घरांतल्या, बऱ्याचशा आदिवासी. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले, पाच तिकडे, दोन इकडे. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत निघालं, की मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही. कुणी बुडून गेली होती, कुणी सर्पदंशाने, कुणी मलेरियाने. माझ्या समजुतीप्रमाणे तो निष्कर्ष बरोबर आहे.

पण ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीचा अहवाल आला आणि त्यात संमतीचे कागद बाहेर आले. आंध्रातल्या तपासलेल्या ९,५४३ फॉर्मपैकी २,७६३ वर सही होती वसतिगृहाच्या वॉर्डनची. हजारो फॉर्मांवर नुसते अंगठे. एखादी मुलगी आजारी पडली तर लक्ष ठेवायला, नोंद करायला धड व्यवस्था नव्हती, असंही समितीने स्पष्ट लिहिलं. लस निर्दोष होती, तरी लोकांच्या मनात ती कायमची डागाळली. सात मृत्यूंचं कारण दुसरंच होतं हे सांगायचं, तर सांगणाऱ्याचा शब्द खरा मानला गेला पाहिजे. ज्याने आईबापांना विचारलंच नव्हतं, त्याचा शब्द कोण मानणार?

दरम्यान भारतात या कॅन्सरचे दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण होत राहिले आणि पाऊण लाखाहून जास्त बायका जात राहिल्या. माझ्या शाळेतली एक मैत्रीण त्यांतली. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळाशाळांतून हीच लस जवळजवळ सगळ्या मुलींना दिली. तिथे मात्र आधी आईबापांशी, शिक्षकांशी भरपूर बोलून घेतलं होतं. आता सीरमची स्वदेशी लस आहे, आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती द्यायला उत्तेजन देऊ असं अर्थमंत्री म्हणाल्या. या गोष्टी वाचताना मला दरवेळी प्रकल्प थांबल्यानंतरची ती दहा वर्षं आठवतात. न विचारल्याची किंमत त्या दहा वर्षांतल्या मुलींनी मोजली. त्या आज पंचविशीच्या आसपास असतील आणि त्यांतल्या बहुतेकींना लस मिळालेली नाही.

काकूच्या फोननंतर महिनाभर मी तिच्याकडे गेले नाही. मग एका रविवारी सेव उसळ बांधून घेऊन गेले. तिने ताटल्या काढल्या. मी खाण्याआधीच बोलून टाकलं.

"काकू, मला वाटलं तू घाबरशील, म्हणून नाही सांगितलं."

"घाबरले असते," ती म्हणाली. "घाबरून विचारलं असतं. तू समजावलं असतंस. मग घेतलीच असती." तरीवर लिंबू पिळता पिळता ती पुढे म्हणाली, "त्या आशा बहेनने मला खरं सांगितलं म्हणून मी आले होते. तू तर घरची."

तिच्या दंडावर देवीच्या लशीच्या दोन गोल खुणा आहेत, जुन्या पैशाएवढ्या. आपल्या भाषेत रोगही देवी आणि तो अडवण्यासाठी टोचायच्या त्याही देवीच. मला एक खूण आहे, माझ्या भाचीला एकही नाही, कारण १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी उरला नाही. काकूच्या सासूबाई शीतळा सातमेला चूल थंड ठेवून नैवेद्य दाखवायच्या आणि मुलांना टोचूनही घ्यायच्या. दोन्हींत त्यांना काही विरोध वाटला नाही. टोचायला येणारा माणूस म्हणे दर वर्षी तोच असायचा आणि खपली धरली की नाही ते बघायला आठ दिवसांनी परत यायचा.

दिवाळीनंतर भाचीच्या एचपीव्हीचा विषय निघाला. ती बारा वर्षांची. वहिनीने विचारलं, "वन्सं, द्यायची का?" या वेळी मी काही गाळलं नाही. जेवणाच्या टेबलाशी वहिनी, भाऊ, काकू आणि भाची चौघं बसली होती. लस कशासाठी, या वयात का, दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने, आणि जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून एकही पुरेसा ठरू शकतो असं का म्हणते. हात दुखेल, ताप येऊ शकतो, या वयाच्या मुलींना सुईनंतर चक्कर येते म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. क्वचित ॲलर्जी येऊ शकते. मग २००९ चं सगळं सांगितलं, सात मुलींसकट, वॉर्डनच्या सह्यांसकट. भाऊ मध्येच म्हणाला, "अगं, तिच्यासमोर कशाला?" काकू म्हणाली, "तिच्याच हातात सुई जाणार आहे ना?"

भाचीने बरंच विचारलं. काही प्रश्नांना मी पुस्तक काढून उत्तर दिलं. वहिनीने दोन आठवडे मागितले. त्या काळात तिने मला तीनदा फोन केला, दोनदा रात्री अकरानंतर. मग म्हणाली, "शनिवारी जाऊ."

काकू बरोबर आली, गुडघ्यांना पट्टे बांधून. डॉक्टरबाईंनी सुई दिली, भाचीने भिंतीकडे तोंड फिरवलं, झालं. बाहेरच्या बाकावर काकू तिच्याशेजारी बसली, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या मनगटावर काकांचं सैलसर घड्याळ. दवाखान्यात गर्दी होती. दहाएक मिनिटांनी कंपाउंडर येऊन म्हणाला, "मुलगी ठीक दिसतेय, निघालात तरी चालेल."

काकूने घड्याळ उजेडाकडे धरलं.

"अजून चार मिनिटं आहेत," ती म्हणाली, आणि बसून राहिली.